कामगारांची चिठ्ठी, गाडीचा दाखला

जून २०१४ मध्ये सिअ‍ॅटलच्या लिलावात १९७१ ची एक प्लिमथ हेमी कुडा कन्व्हर्टिबल (छत उघडणारी) ३५ लाख डॉलरला गेली. हेमी हे कुडाचं सर्वांत ताकदवान इंजिन. साध्या व्ही-८ इंजिनाची कुडा या किमतीच्या जवळपासही जात नाही. बाहेरून मात्र दोघी सख्ख्या बहिणी. इंजिन तर नंतर कुणीही बदलू शकतं. मग गाडी कारखान्यातूनच हेमी घेऊन निघाली, हे ओळखायचं कशावरून? बॉनेट उघडायचं आणि डाव्या चाकावरच्या आतल्या पत्र्याला स्क्रूने लावलेली तळहातावर मावेल एवढी पट्टी वाचायची. हाच फेंडर टॅग.

ही पट्टी पुरावा म्हणून जन्माला आली नव्हती. डेट्रॉइटला लागून असलेल्या हॅमट्रॅमिकच्या कारखान्यात एकाच लाइनवर एकामागून एक बॉडी यायच्या. एकीला जांभळा रंग, पुढचीला पिवळा. एकीला सहा सिलिंडरचं इंजिन, तिच्यामागे ४२६ घनइंची हेमी. समोर आलेल्या बॉडीचं काय करायचं हे कामगाराला तिथल्या तिथे कळावं म्हणून ऑर्डरचे कोड पत्र्यावर ठोकलेले असत. मूळ टॅगवर अनेकदा गाडीचाच रंग बसलेला दिसतो, कारण बॉडी रंगायला गेली तेव्हा तो तिच्यावर होता.

वाचायचा मात्र उलटा: खालच्या ओळीपासून वर, डावीकडून उजवीकडे. समजा, १९७० च्या कुडाच्या टॅगवर तळाशी 'ई७४ डी३२' आहे. ई७४ म्हणजे ४२६ हेमी, डी३२ म्हणजे दणकट ऑटोमॅटिक गिअरबॉक्स; चार गिअरचा मॅन्युअल असता तर डी२१ आला असता. पुढे 'बीएस२३ आर०बी' आणि सहा आकडी क्रमांक; हे सगळं मिळून कारखान्याने दिलेला गाडीक्रमांक, आपण ज्याला चॅसिस नंबर म्हणतो तो. बी म्हणजे बाराकुडा (कुडा हे त्याचंच छोटं रूप), एस म्हणजे वरची श्रेणी, २३ म्हणजे दोन दारांची, पक्क्या छताची हार्डटॉप (कन्व्हर्टिबलला २७), आर म्हणजे हेमी, शून्य म्हणजे १९७० आणि शेवटचा बी म्हणजे हॅमट्रॅमिक. लॉस एंजेलिसच्या कारखान्याला ई होतं. त्यावरच्या ओळीत 'एफसी७' दिसला तर रंग जांभळा. प्लिमथवाले त्याला 'इन-व्हायोलेट' म्हणत, त्याच कंपनीचे डॉजवाले 'प्लम क्रेझी', रंगाचा डबा एकच. त्याच ओळीत 'सी१६' म्हणजे नियोजित तारीख १६ डिसेंबर: ऑक्टोबर, नोव्हेंबर, डिसेंबरला ए, बी, सी. वरच्या ओळींत जादा घेतलेल्या गोष्टी, उदाहरणार्थ बॉनेटमधून वर डोकावणाऱ्या शेकर हवाझडपेचा एन९६.

हीच माहिती सविस्तर छापलेला कागदही लाइनवर फिरायचा, त्याला बिल्ड शीट म्हणतात. काम संपलं की तो बऱ्याचदा सीटच्या स्प्रिंगांमध्येच राहून जाई. आज पन्नास वर्षांनी मागची सीट काढताना उंदरांनी कुरतडलेला तो कागद हाती आला, तर मालकाच्या डोळ्यांत पाणी येतं, आणि ते मला पूर्ण समजतं.

सगळ्याच कंपन्या इतक्या मोकळेपणाने बोलत नव्हत्या. पाँटियाकची जीटीओ १९६४ आणि ६५ मध्ये ले मान्स या मॉडेलवरचा एक ऑप्शन होती, त्यामुळे त्या दोन वर्षांच्या गाडीक्रमांकावरून ती जीटीओ आहे की नाही हे कळतच नाही. जीटीओचा २४२ हा स्वतंत्र आकडा १९६६ पासून आला. शेवरलेच्या १९६९ च्या कॅमॅरोचा क्रमांक व्ही-८ आहे एवढंच सांगतो, कोणतं ते नाही. शेवरलेने इंजिनाचा कोड १९७२ पासून घातला. आपल्या आरसी बुकावर असतो तसा १७ अक्षरी क्रमांक अमेरिकेत १९८१ च्या मॉडेलपासून सक्तीचा झाला. त्याआधी ज्याची त्याची भाषा वेगळी.

या गाड्यांना कुणी जपण्याजोगं मानत नव्हतं. १९७० मध्ये हेमीसाठी सुमारे ८७१ डॉलर जादा मोजावे लागत. विम्याचे हप्ते भडकले, प्रदूषणाचे नियम आले, १९७१ नंतर हेमी बंदच झाली, आणि १९७३ च्या तेलटंचाईनंतर तर या गाड्या मातीमोल झाल्या. कुणी इंजिन काढून विकलं, कुणी फेंडर बदलताना टॅग काढून फेकला. पुढे किमती चढल्या तेव्हा त्याच फेकलेल्या पट्टीला मोल आलं, आणि दोन स्क्रूंवर बसणारी पट्टी म्हटल्यावर नकलाही आल्या.

म्हणून जाणकार टॅगवर थांबत नाहीत. गाडीक्रमांकाचे शेवटचे आकडे इंजिनाच्या ब्लॉकवर, गिअरबॉक्सवर, रेडिएटरच्या आधारपट्टीवर आणि काउलच्या (पुढच्या काचेखालच्या) पत्र्यातही ठोकलेले असतात. टॉर्च धरून, रंगाचे थर हळूच बाजूला करून ते शोधायचे आणि डॅशबोर्डवरच्या, काचेतून दिसणाऱ्या क्रमांकाशी ताडून पाहायचे. एक आकडा जरी चुकला, तरी पैशाची बोलणी तिथेच थांबवायची.