प्रेषितांमधली युनिया

बायबलच्या नव्या करारातलं रोमकरांस पत्र ख्रिस्ती धर्माचा आद्य प्रचारक पौल याने इ. स. ५७ च्या सुमारास करिंथमधून लिहिलं. त्याच्या सोळाव्या अध्यायात तो रोममधल्या ओळखीच्या माणसांना एकेकाचं नाव घेऊन सलाम कळवतो. नावांची यादी म्हणून हा अध्याय बहुधा भरभर वाचून संपवला जातो, पण सातव्या वचनापाशी थांबायला हवं. अंद्रोनीक आणि युनिया यांना सलाम सांगा, असं म्हणून पौल त्यांच्याविषयी एका दमात चार गोष्टी सांगतो. ती त्याच्या नात्यागोत्यातली आहेत, त्याच्यासारखाच त्यांनी तुरुंगवास भोगला आहे, प्रेषितांमध्ये, म्हणजे ख्रिस्ताचा संदेश पसरवायला पाठवलेल्यांमध्ये, त्यांचं नाव मोठं आहे आणि त्याच्याही आधी ती ख्रिस्ताची झाली.

इथे मी ‘ती’ लिहिलं आहे. एक पुरुष आणि एक स्त्री असेल तर आपण ‘ती दोघं’ म्हणतो, दोघेही पुरुष असतील तर ‘ते दोघे’. युनियाविषयीचा शेकडो वर्षांचा वाद या एका सर्वनामात मावतो.

अडचण व्याकरणातली आहे. मूळ ग्रीकमध्ये हे नाव द्वितीया विभक्तीत, ‘युनियान’ असं येतं. स्वराघाताची खूण एका जागी दिली तर ते ‘युनिया’ या स्त्रीचं नाव होतं, दुसऱ्या जागी दिली तर ‘युनियास’ या पुरुषाचं. सर्वांत जुन्या हस्तलिखितांमध्ये अशा खुणाच नसत. मोडी वाचणाऱ्यांना याची कल्पना येईल: तिथेही ऱ्हस्व-दीर्घ लिहिणारा दाखवत नाही, वाचणाऱ्याने संदर्भावरून ओळखायचं असतं.

मग जुन्या वाचकांनी काय ओळखलं? चौथ्या शतकाच्या अखेरीस योहान क्रिसोस्तोम या धर्मगुरूने या वचनावर प्रवचन करताना, प्रेषित म्हणवून घेण्यास पात्र ठरलेल्या या स्त्रीचं शहाणपण केवढं असेल, असे उद्गार काढले. क्रिसोस्तोम काही स्त्रियांच्या अधिकाराचा कैवारी नव्हता, म्हणूनच मला ही साक्ष फार मोलाची वाटते. नवव्या शतकापासून नकलकार स्वराघाताच्या खुणा नेमाने देऊ लागले, तेव्हा त्यांनीही स्त्रीनामाचीच खूण दिली. विरुद्ध बाजूला एपिफानियस या बिशपच्या नावावर खपणारी एक यादी आहे, तिच्यात युनियास हा पुरुष आहे. पण तीच यादी याच अध्यायातल्या प्रिस्का या स्त्रीलाही पुरुष ठरवते, त्यामुळे तिच्यावर किती विसंबायचं ते उघड आहे.

पश्चिमेकडे तेराव्या-चौदाव्या शतकांच्या संधिकाळात रोमच्या एजिदियस या धर्मपंडिताने दोघांनाही पुरुष मानलं. पुढे धर्मसुधारक लूथरच्या जर्मन बायबलमध्ये या नावाआधी पुल्लिंगी उपपद आलं आणि तो समज युरोपभर पसरला. तरी १६११ च्या इंग्रजी किंग जेम्स बायबलमध्ये ‘युनिया’ टिकून होती. खरा घाव विसाव्या शतकात बसला. अभ्यासक आणि अनुवादक ज्या ग्रीक आवृत्तीवर विसंबत, त्या नेस्टले आवृत्तीत १९२७ साली पुरुषनामाची खूण छापली गेली. १९४६ च्या एका इंग्रजी अनुवादात तर या दोघांसाठी सरळ ‘पुरुष’ असा शब्दच घातला गेला, जो मूळ वाक्यात नाही.

‘युनियास’ हे ‘युनियानुस’ या नावाचं लघुरूप असावं, असा यामागचा तर्क होता. पण हे लघुरूप प्राचीन जगातल्या एकाही शिलालेखात किंवा पत्रात सापडलेलं नाही. उलट युनिया हे नाव एकट्या रोममधल्या लेखांत अडीचशेहून अधिक वेळा आढळतं. सीझरच्या मारेकऱ्यांतल्या ब्रूटसची सावत्र बहीण याच नावाची होती. मुक्त झालेले गुलामही मालकाच्या कुळाचं नाव लावत, तेव्हा आपली युनियाही तशा एखाद्या घरातली असू शकेल. १९७७ मध्ये बर्नाडेट ब्रूटन या अभ्यासक स्त्रीने हा मुद्दा जोरात मांडला आणि १९९८ मध्ये ग्रीक आवृत्तीत युनिया परत आली. स्त्री प्रेषित असूच शकत नाही, ही समजूत आधी होती आणि व्याकरण मागाहून तिच्या कामाला लावलं गेलं, असं मला ठामपणे वाटतं.

नाव स्त्रीचं ठरल्यावर वाद पुढच्या शब्दांवर सरकला. २००१ मध्ये दोन अभ्यासकांनी ‘प्रेषितांमध्ये नामांकित’ऐवजी ‘प्रेषितांना सुपरिचित’ असा अर्थ सुचवला. व्याकरणाने तो अगदीच अशक्य नाही. पण क्रिसोस्तोमची मातृभाषाच ग्रीक होती आणि त्याला यात प्रेषितच दिसली. शिवाय पौल ‘प्रेषित’ हा शब्द येशूच्या बारा शिष्यांपुरता ठेवत नाही. तो स्वतः तरी त्या बारांत कुठे होता? याच अध्यायात मरिया, त्रुफैना, त्रुफोसा आणि पर्सिस या चौघींच्या कष्टांची तो आवर्जून नोंद करतो.

पौलाच्या आधी ख्रिस्ताची झाली म्हणजे क्रूसारोहणानंतर अवघ्या काही वर्षांत, बहुधा यहूदिया-गालीलच्या परिसरातच. यावरून बायबलचे अभ्यासक रिचर्ड बॉकम यांनी एक शक्यता मांडली आहे: लूकच्या शुभवर्तमानात हेरोदाचा कारभारी खुजा याची बायको योहान्ना भेटते, तीच पुढे रोममध्ये युनिया या लॅटिन नावाने वावरली असेल. यहुदी माणसं आपल्या नावाशी जुळणारं लॅटिन नाव घेत, हे खरं आहे. या दोघी एकच असल्याचा थेट पुरावा मात्र नाही. योहान्ना रिकाम्या कबरीची बातमी शिष्यांना सांगणाऱ्या स्त्रियांपैकी होती, आणि लूक लिहितो की त्या पुरुषांना त्यांचं बोलणं वायफळ वाटलं.