पुढचा मॅनेजर कोण? एका अंदाजाच्या खेळाची पार्श्वभूमी

डिसेंबर लागला की यावल-रावेरच्या शिवारात भरीत पार्ट्यांना ऊत येतो, आणि नेमका त्याच सुमारास इंग्लंडमधील फुटबॉल क्लबांत मॅनेजरांच्या, म्हणजे संघाच्या मुख्य प्रशिक्षकांच्या, हकालपट्टीचा हंगामही भरात येतो. जोझे मोरिन्यो यांना चेल्सीने २०१५ मध्ये १७ डिसेंबरला आणि मँचेस्टर युनायटेडने २०१८ मध्ये १८ डिसेंबरला घरचा रस्ता दाखवला. कपाशीच्या पऱ्हाट्यांच्या जाळावर लांबट हिरवी वांगी भाजून होतात, बडगीत (लाकडी उखळात) मिरच्या-लसणासह ठेचली जातात, आणि ज्यांच्या हाती मुसळी नसते ती तरुण मंडळी तोवर साडेआठच्या सामन्यासाठी मोबाइलभोवती बसलेली असतात. आवडता क्लब हरत असला तर चर्चा सामन्यावर फार वेळ टिकत नाही. 'आते कोन येई, भो?' हा प्रश्न मध्यंतरापूर्वीच निघतो आणि मग जर्मनी, पोर्तुगाल, स्पेन असे फिरून येत चार-सहा नावे पुढे केली जातात.

हंगामाच्या या टप्प्यावर मॅनेजरच चर्चेत येण्याला कारण आहे. खेळाडूंच्या खरेदी-विक्रीची खिडकी २००२-०३ पासून वर्षातून दोनदाच उघडते. सप्टेंबर ते डिसेंबर ती बंद असते. मॅनेजर बदलण्यावर मात्र अशी मुदत नाही. संघ घसरू लागला आणि नवा खेळाडू आणणे शक्य नसले, की क्लबच्या मालकासमोर आणि चाहत्यासमोर बदलता येण्याजोगी एकच खुर्ची उरते. तो निर्णय बंद दाराआड होतो, त्यात चाहत्याला मत नसते, आणि मत नसण्याच्या बाबतीत लंडनमध्ये हंगामी तिकीट घेऊन बसणारा व भुसावळच्या रेल्वे वसाहतीत बसून सामना पाहणारा हे दोघे अगदी एका पातळीवर असतात. हा अंदाजाचा खेळ इतक्या दूर सहज रुजला, त्याचे मूळ मला या बरोबरीत दिसते.

मुळात मॅनेजर हे पदच क्लबांच्या जन्माच्या वेळी नव्हते. एकोणिसाव्या शतकातील इंग्लिश क्लबांत अकरा खेळाडू कोणते, हे संचालकांची समिती ठरवत असे, आणि कागदपत्रे, प्रवास, पगार यांसाठी एक सेक्रेटरी असे. आपल्याकडच्या जिल्हा बँकेत किंवा दूध संघात जसे संचालक मंडळ सर्वेसर्वा आणि व्यवस्थापक पगारी, तशीच ती घडी होती. ॲस्टन व्हिलाने १८८६ मध्ये जॉर्ज रॅमसे यांना सेक्रेटरी नेमले. त्यांच्या चार दशकांच्या कारकिर्दीत क्लबने सहा वेळा लीग आणि सहा वेळा एफए कप ही बाद पद्धतीची स्पर्धा जिंकली, आणि म्हणून अनेक जण त्यांना पहिला मॅनेजर मानतात. तरीही त्या काळच्या प्रेक्षकाला पुढचा सेक्रेटरी कोण, याची उत्सुकता असण्याचे कारण नव्हते, कारण संघाच्या हार-जितीचे खापर फुटायचे ते समितीवर.

ते बदलले हर्बर्ट चॅपमन यांच्यामुळे. १९२५ मध्ये आर्सेनलने मॅनेजर हवा म्हणून वृत्तपत्रात चक्क जाहिरात दिली, आणि खेळाडूंवर पैसा उधळूनच संघ उभारता येणाऱ्यांनी अर्ज करू नये, अशा अर्थाची तंबीही तीत घातली. हडर्सफील्डला लागोपाठ दोन लीग विजेतेपदे मिळवून दिलेले चॅपमन आर्सेनलला आले, संघनिवडीची सूत्रे त्यांनी समितीकडून स्वतःकडे घेतली, खेळाची मांडणी बदलली, आणि १९३२ मध्ये मैदानाजवळच्या भुयारी रेल्वे स्थानकाला क्लबचे नाव मिळण्यामागेही त्यांचाच पाठपुरावा होता. जानेवारी १९३४ मध्ये ते पदावर असतानाच वारले, तेव्हा क्लबचा चेहरा म्हणजे मॅनेजर हे समीकरण पक्के झाले होते. (पैसा न उधळण्याची तंबी त्यांनी स्वतः फारशी मनावर घेतली नाही, हेही नोंदवायला हवे.)

एकदा चेहरा एक झाला की वारसाचा प्रश्न आलाच. बिल शँकली यांनी १२ जुलै १९७४ रोजी लिव्हरपूल सोडत असल्याचे जाहीर केले, तेव्हा रस्त्यावर गाठून वार्ताहराने बातमी सांगितली तरी पोरांना ती खरी वाटेना. क्लबने बाहेरचे मोठे नाव न शोधता शँकलींचेच सहकारी बॉब पेझली यांना बसवले, आणि पेझलींनी १९७७, १९७८ व १९८१ असे तीन युरोपियन कप आणले. त्याच उन्हाळ्यात लीड्सने ब्रायन क्लफ यांना नेमले. लीड्सवर वर्षानुवर्षे जाहीर टीका करणारा हा माणूस तिथे येईल, असे फारसे कोणाच्या मनात आले नसावे. आला आणि ४४ दिवसांत गेलाही. तीन वर्षांनी इंग्लंडच्या राष्ट्रीय संघाची जागा रिकामी झाली, तेव्हा लोकांची पसंती क्लफ यांना होती, फुटबॉल संघटनेने निवडले रॉन ग्रीनवूड. लोकांच्या तोंडी असलेले नाव आणि निवडणाऱ्यांच्या मनातले नाव यांतले हे अंतर पुढेही वारंवार दिसते.

मँचेस्टर युनायटेडची गोष्ट या बाबतीत जास्त बोलकी आहे. मॅट बझ्बी १९६९ मध्ये बाजूला झाले, आणि त्यांच्या जागी आलेल्या विल्फ मॅकगिनेस यांना १९७० च्या डिसेंबरात (पुन्हा डिसेंबरच) काढून काही महिन्यांसाठी बझ्बींनाच परत बोलवावे लागले. ॲलेक्स फर्ग्युसन यांनी २६ वर्षांनंतर मे २०१३ मध्ये निवृत्ती जाहीर केली, आणि दुसऱ्याच दिवशी डेव्हिड मॉयस यांचे नाव पुढे आले. म्हणजे चाहत्यांना तर्क लढवायला जेमतेम एक दिवस मिळाला. सहा वर्षांचा करार झालेले मॉयस दहा महिन्यांत गेले. त्यानंतरच्या दशकात तिथे व्हॅन हाल, मोरिन्यो, सोल्शायर, रांगनिक, टेन हाग, आमोरिम अशी रीघ लागली. खानदेशात ज्या पिढीने केबलवर ईएसपीएन-स्टार स्पोर्ट्सच्या काळात हा क्लब आपला मानला, त्या पिढीच्या पोरांना 'पुढचा कोण' याशिवायचा युनायटेड जवळजवळ ठाऊकच नाही.

तर्काला खाद्य कुठून मिळते, हेही पाहण्यासारखे आहे. पूर्वी शनिवारच्या संध्याकाळी निघणारी क्रीडापत्रे होती. १९९१ मध्ये बीबीसीच्या रेडिओवर चाहत्यांनी फोन करून मत मांडण्याचा '६०६' हा कार्यक्रम सुरू झाला, १९९८ मध्ये चोवीस तास क्रीडाबातम्यांची वाहिनी आली, आणि बातमी नसलेल्या तासांतही काहीतरी बोलत राहणे भाग पडले. पुढे फॅब्रिझिओ रोमानो यांच्यासारखे वार्ताहर मोबाइलवर आले. त्यांचे 'हिअर वी गो' हे शब्द उमटेपर्यंत बातमी पक्की धरायची नाही, असा शिरस्ता धरणगाव-चोपड्याच्या पोरांतही आहे.

सट्ट्याचा भाग वेगळा. ब्रिटनमध्ये १९६० च्या कायद्यानंतर १९६१ पासून सट्ट्याची अधिकृत दुकाने सुरू झाली, आणि आज तिथे कोणत्याही मोठ्या क्लबच्या 'पुढच्या मॅनेजर'वर भाव निघतो. तो भाव म्हणजे आतली खबर असे आपल्याकडे सर्रास समजले जाते, ते मला पटत नाही. अशा बाजारात फिरणारा पैसा सामन्यांच्या मानाने किरकोळ असतो, त्यामुळे थोड्या रकमेनेही भाव कोसळतो. कोसळलेल्या भावाची बातमी होते, आणि बातमी वाचून आणखी लोक त्याच नावावर पैसे लावतात. आपल्याकडे १८८७ चा जुगार प्रतिबंधक कायदा असल्याने पैज शेवभाजीवर लागते, आणि ती हरणारा पुढच्या वेळी नाव जरा जपून घेतो.

अंदाज चुकण्याचे खरे कारण मात्र सट्ट्यात किंवा वार्ताहरांत नाही. चाहता नाव निवडतो ते दिसलेल्या कामगिरीवरून. क्लब निवडतो ते माणूस मिळण्याजोगा आहे का, त्याच्या करारातून सुटका किती रकमेत होईल, आणि खेळाडू-प्रशिक्षकांची निवड पाहणाऱ्या स्पोर्टिंग डायरेक्टरशी त्याचे जमेल का, यावरून. १९९६ मध्ये आर्सेनलला योहान क्रायफ येणार अशी हवा होती आणि आले जपानमधील नागोया ग्राम्पसचे आर्सेन वेंगर, 'आर्सेन हू?' असा मथळा लंडनच्या वृत्तपत्राने तेव्हा दिला होता. २००८ मध्ये बार्सिलोनाचे पदाधिकारी मोरिन्यो यांना भेटून आले आणि निवड केली ती आपल्याच ब संघाच्या पेप ग्वार्डिओला यांची.

२०२४ चा वसंत तर अंदाजकर्त्यांसाठी धडाच होता. युर्गन क्लॉप यांनी २६ जानेवारीला लिव्हरपूल सोडण्याचे जाहीर केले आणि त्याच संध्याकाळपासून झाबी अलोन्सो हे नाव जवळजवळ ठरल्यासारखे बोलले जाऊ लागले: लिव्हरपूलचाच जुना खेळाडू, लेव्हरकुसनला न हरता लीगच्या शिखरावर ठेवणारा प्रशिक्षक, याहून सरळ गणित ते कोणते? मार्चच्या अखेरीस अलोन्सो यांनी लेव्हरकुसनमध्येच राहणार असल्याचे सांगितले. तोवर बायर्न म्युनिकही त्यांच्याच मागे होते. बायर्नला त्यानंतर नागेल्समान आणि रांगनिक यांनीही नकार दिला, आणि शेवटी मे महिन्यात नेमणूक झाली व्हिन्सेंट कॉम्पनी यांची, ज्यांचा बर्नली संघ त्याच महिन्यात इंग्लंडच्या सर्वोच्च प्रीमियर लीगमधून खालच्या श्रेणीत घसरला होता. लिव्हरपूलने फेयेनूर्डचे आर्ने स्लॉट आणले. पुढच्या हंगामात लिव्हरपूल इंग्लंडमध्ये आणि बायर्न जर्मनीत विजेते झाले. म्हणजे ज्यांचे नाव कोणाच्या यादीत वरचे नव्हते, त्या दोघांनी पहिल्याच वर्षी लीग जिंकली.

चाहत्यांचे काहीच चालत नाही, असेही म्हणता येणार नाही. टॉटनहॅमने १९ एप्रिल २०२१ रोजी, लीग कपच्या अंतिम सामन्याला सहा दिवस उरले असताना, मोरिन्यो यांना काढले. मग बोलणी इटालियन प्रशिक्षक अँटोनियो कॉन्टे यांच्याशी झाली, फिसकटली. पाउलो फोन्सेका यांच्याशी जवळपास ठरले, तेही मोडले. आणि जेन्नारो गाट्टुझो यांचे नाव पुढे येताच त्यांच्या जुन्या वक्तव्यांवरून चाहत्यांनी एवढा गहजब केला की ती चर्चा तिथेच थांबली. नको असलेले नाव चाहत्यांना पाडता आले, हवे असलेले आणता आले नाही. ३० जूनला नुनो एस्पिरितो सान्तो नेमले गेले, १ नोव्हेंबरला काढले गेले, आणि दुसऱ्याच दिवशी कॉन्टे आले, ज्यांच्यापाशी उन्हाळ्यात बोलणी अडली होती.

भारतातही हा खेळ नवा नाही, फक्त त्याचे अंगण बराच काळ कोलकाता होते. १९५० पासून राष्ट्रीय संघ घडवणारे, १९५१ आणि १९६२ ची आशियाई सुवर्णपदके मिळवून देणारे हैदराबादचे सय्यद अब्दुल रहीम १९६३ मध्ये वारले, आणि त्यांची जागा घेईल असा माणूस कोण, हा प्रश्न भारतीय फुटबॉलने दीर्घकाळ बाळगला. पुढे मोहन बागान आणि ईस्ट बंगाल यांच्यामधून प्रशिक्षकांची ये-जा हा बंगाली घराघरातला विषय झाला. १३ जुलै १९९७ रोजी फेडरेशन कपच्या उपांत्य सामन्यात अमल दत्त आणि पी. के. बॅनर्जी या दोन प्रशिक्षकांची झुंज पाहायला सॉल्ट लेकवर सव्वा लाखाहून अधिक लोक जमले होते. महाराष्ट्राच्या वाट्याला हे फार थोडे आले. पुण्याचा एफसी पुणे सिटी २०१४ मध्ये सुरू होऊन २०१९ मध्ये बंदही पडला. जळगाव-धुळ्याहून नाव घेण्यासारखा जवळचा क्लब उरला तो मुंबई सिटी. २०२३ च्या नोव्हेंबरात डेस बकिंगहॅम मुंबई सोडून इंग्लंडमधील ऑक्सफर्ड युनायटेडला गेले, तेव्हा आपल्या लीगमधला प्रशिक्षकही तिकडच्या क्लबाच्या यादीत असू शकतो, हे इथल्या चाहत्याने पहिल्यांदा जवळून पाहिले.

मात्र खानदेशातल्या गप्पांत देशी प्रशिक्षक खऱ्या अर्थाने शिरला तो २०२५ च्या जुलैत. मानोलो मार्केझ यांनी राष्ट्रीय संघाचे प्रशिक्षकपद सोडल्यावर भारतीय फुटबॉल महासंघाने अर्ज मागवले आणि १७० अर्ज आले. त्यात बार्सिलोनाचे माजी प्रशिक्षक झावी यांचेही नाव असल्याची बातमी फुटली, पैशांअभावी त्यांचा विचार झाला नाही असेही सांगितले गेले, आणि दोन दिवस जगभरच्या क्रीडापृष्ठांवर भारताचे नाव झळकले. त्यानंतर महासंघाने खुलासा केला की झावी आणि ग्वार्डिओला यांच्या नावाने आलेले ई-मेल खरे नव्हतेच. ज्या संस्थेकडे निवडीचा अधिकार, तीच अफवेला बळी पडावी, याचे हसू आले तरी एक गोष्ट मान्य करायला हवी: अंतिम तीन नावे महासंघाने उघड ठेवली होती. स्टीफन कॉन्स्टंटाइन, स्तेफान तारकोविच आणि खालिद जमील. इंग्लंडचे क्लब एवढेही करत नाहीत.

या तिघांत जमील यांच्याकडे इथल्या चाहत्यांचा ओढा असणे स्वाभाविक होते. मुंबई एफसीला (हा मुंबई सिटीहून वेगळा, जुना क्लब) त्यांनी वर्षानुवर्षे तुटपुंज्या साधनांवर लीगमध्ये टिकवून ठेवले होते आणि २०१६-१७ मध्ये मिझोरमच्या आयझॉल क्लबला आय-लीग ही राष्ट्रीय लीग जिंकून दिली होती. १ ऑगस्टला त्यांचीच निवड झाली. सावियो मेडेइरा यांच्यानंतर तेरा वर्षांनी राष्ट्रीय संघाला भारतीय प्रशिक्षक मिळाला. सप्टेंबरमध्ये त्यांच्या संघाने ओमानला पेनल्टीवर हरवून मध्य आशियाई स्पर्धेत तिसरे स्थान मिळवले. ऑक्टोबरमध्ये गोव्यात सिंगापूरकडून १-२ असा पराभव झाला आणि आशियाई करंडकाची वाट बंद झाली.