मॅग्नम फोर्स

सॅन फ्रान्सिस्को पोलीस दलातील इन्स्पेक्टर हॅरी कॅलॅहन याच्यावरील पाच अमेरिकी चित्रपटांपैकी दुसरा (१९७३). दिग्दर्शक टेड पोस्ट, पटकथा जॉन मिलियस व मायकल चिमिनो, संगीत लालो शिफ्रिन, मुख्य भूमिका क्लिंट ईस्टवुड. लांबी १२४ मिनिटे. मालिकेतला हा सर्वांत लांब चित्रपट आणि ही लांबी मधल्या भागात जाणवतेही.

पार्श्वभूमी : पहिला चित्रपट ‘डर्टी हॅरी’ (१९७१, दिग्दर्शक डॉन सीगल) तुफान चालला, पण त्याने वादही ओढवून घेतला. त्यात हॅरी वॉरंटशिवाय घरात घुसतो, जखमी संशयिताच्या पायावर पाय देऊन त्याला बोलता करतो, आणि त्यामुळेच पुरावा न्यायालयात टिकत नाही. अटकेतील आरोपीला त्याचे हक्क सांगणे बंधनकारक करणारा मिरांडा खटल्याचा निकाल १९६६चा, म्हणजे तेव्हा ताजाच होता. ‘द न्यू यॉर्कर’च्या समीक्षक पॉलीन केल यांनी या मांडणीला थेट फॅसिस्ट ठरवले. ‘मॅग्नम फोर्स’ हे त्या आरोपाला दिलेले उत्तर आहे. नियम मोडणाऱ्या पोलिसासमोर येथे नियमच नको असलेले पोलीस उभे केले आहेत. ब्राझीलमध्ये पोलीसच गुन्हेगारांना परस्पर ठार मारत असल्याच्या बातम्यांवरून मिलियसला हे सूत्र सुचले.

कथानक : पुराव्याअभावी सुटलेला एक कामगार-माफिया न्यायालयातून बाहेर पडतो. वाहतूक पोलिसाच्या वेशातला मोटारसायकलस्वार त्याची गाडी अडवतो आणि आतल्या सगळ्यांना गोळ्या घालतो. पांढरे हेल्मेट, काळा गॉगल, चामडी जाकीट. चेहरा दिसतच नाही. पुढचे खूनही याच धर्तीचे. पोलिसाने थांबवले की माणूस काच खाली घेतो, कागदपत्रे काढू लागतो. गणवेशावरचा हा विश्वासच मारेकऱ्यांचे खरे हत्यार आहे आणि दिग्दर्शकाने ते कुठेही शब्दांत न सांगता दाखवले आहे.

हॅरीचा संशय आधी जातो तो चार्ली मकॉय या खचलेल्या, तोल गेलेल्या जुन्या मित्रावर. मकॉयच मारला गेल्यावर तपासाची दिशा बदलते. पोलिसांच्या नेमबाजी स्पर्धेत जॉन डेव्हिस (डेव्हिड सोल) हा तरुण शिपाई हॅरीवर मात करतो. हॅरी सहज म्हणून त्याचे रिव्हॉल्व्हर मागून घेतो आणि एक गोळी मैदानातच रुतवतो. मग गुपचूप येऊन ती काढून नेतो. नळीच्या आतील पिळदार खाचांचे ओरखडे गोळीवर उमटतात आणि प्रत्येक नळीचे ओरखडे निराळे असतात. ही गोळी खुनातल्या गोळीशी जुळते. हत्यार जप्त न करता, संशयिताला सावध न करता नमुना मिळवण्याची ही युक्ती संपूर्ण चित्रपटातले सर्वांत अस्सल पोलिसी काम म्हणावे लागेल.

मारेकरी म्हणजे डेव्हिससह चार तरुण पोलिसांची चौकडी. तिच्यातला एक जण छाप्यात मरतो. उरलेले तिघे हॅरीला त्याच्याच इमारतीच्या गॅरेजमध्ये गाठून सामील व्हायला सांगतात. ‘तुमचा माझ्याबद्दल गैरसमज झालाय’ अशा अर्थाचे एक वाक्य बोलून तो नकार देतो. त्यानंतर टपालपेटीत बॉम्ब येतो. हॅरी वाचतो, त्याचा साथीदार अर्ली स्मिथ वाचत नाही. सूत्रधार निघतो लेफ्टनंट ब्रिग्ज (हॅल होलब्रुक), म्हणजे हॅरीचा वरिष्ठच. आपल्या वाचकाने येथे हुद्द्यांचा घोळ टाळावा : सॅन फ्रान्सिस्कोतला ‘इन्स्पेक्टर’ म्हणजे ठाण्याचा प्रमुख नव्हे, तर गुन्हे तपासणारा अधिकारी, लेफ्टनंटच्या हाताखालचा.

शस्त्र : श्रेयनामावलीभर लाल पार्श्वभूमीवर एकच रिव्हॉल्व्हर दिसते : स्मिथ अँड वेसन मॉडेल २९, सहा गोळ्यांचे, साडेसहा इंच (सुमारे १६.५ सेंमी) नळीचे, ०.४४ मॅग्नम (म्हणजे जादा दारू भरलेल्या, जास्त जोराच्या) काडतुसाचे. नावात ०.४४ असले तरी गोळीचा प्रत्यक्ष व्यास ०.४२९ इंच, म्हणजे जवळपास १०.९ मिमी भरतो. मारेकऱ्यांकडे ०.३५७ मॅग्नमचे कोल्ट पायथन आहे. गंमत अशी, की सरावाच्या प्रसंगात हॅरी स्वतःच सांगतो की तो हलक्या भाराचे ‘स्पेशल’ काडतूस वापरतो, कारण जड रिव्हॉल्व्हरमध्ये त्याचा धक्का कमी बसतो आणि ताबा राहतो. तर्क बरोबर आहे. भारी धक्क्याने नळी उचलली गेली की दुसरी गोळी उशिरा सुटते. पण मग चित्रपटाच्या नावातला दरारा निम्मा उरतो!

मूल्यमापन : व्यवस्थेचा आपल्याला तिटकारा आहे, पण शहाणपणाचा बदल कोणी आणीपर्यंत आपण तिलाच धरून राहू, ही हॅरीची भूमिका चित्रपटाचा कणा आहे. गोची शेवटी होते. भंगारात निघालेल्या विमानवाहू जहाजावर तिघांपैकी शेवटच्या दोघांचा निकाल लागतो. ब्रिग्ज मात्र हॅरीलाच खटल्यात अडकवण्याची धमकी देऊन गाडीतून निघून जातो. हॅरीने टपालपेटीतला तोच बॉम्ब चालू करून मागच्या सीटवर टाकलेला असतो. स्फोटानंतर तो ‘माणसाला आपल्या मर्यादा ठाऊक असाव्यात’ हे गाजलेले वाक्य उच्चारतो. दोन तास न्यायालयाची बाजू घेणारा नायक शेवटच्या आरोपीला न्यायालयापर्यंत पोहोचू देत नाही, आणि पटकथेला त्यात काही वावगे वाटत नाही. तरीही प्रेक्षक त्याच्या बाजूने राहतो, तो ईस्टवुडच्या कमी बोलण्यामुळे. समोरचा तावातावाने बोलत असतो तेव्हा तो डोळे बारीक करून फक्त ऐकतो, आणि पटकथेतली फट झाकली जाते.

नळ साफ करण्याचे रसायन पाजून केलेल्या खुनाचे एक दृश्य चित्रपटात आहे. एप्रिल १९७४ मध्ये युटातील ऑग्डेन येथे एका दुकानातील दरोड्यात गुन्हेगारांनी ही कल्पना प्रत्यक्षात वापरली.

मालिकेत पुढे १९७६, १९८३ व १९८८ साली आणखी तीन चित्रपट आले. त्यांपैकी १९८३चा ईस्टवुडने स्वतः दिग्दर्शित केला. पहिल्या चित्रपटावर बेतलेला हिंदी ‘खून खून’ १९७३ सालचाच. त्यात खलनायक डॅनी डेन्झोंग्पा होता.