के१ आणि के२८: दोन्ही किलर, पण मारण्याची रीत वेगळी

ठाण्यात एमएस्सी मायक्रोबायोलॉजीच्या उत्तरपत्रिका तपासायला घेतल्या की दरवर्षी तेच वाक्य: ‘यीस्टचं किलर टॉक्सिन पेशीपटलाला भोकं पाडतं.’ किलर टॉक्सिन म्हणजे काही यीस्ट दुसऱ्या यीस्टला मारायला सोडतात ते विष; के१ आणि के२८ हे त्याचे दोन प्रकार. मग कोणतं टॉक्सिन? के१ असेल तर बरोबर. के२८ असेल तर साफ चूक, आणि मी त्याला अर्धासुद्धा गुण देत नाही.

के१ सगळ्यांना पाठ असतं. पेशीभित्तिकेतल्या बीटा-१,६-ग्लुकान या शर्करेच्या साखळीला चिकटतं, मग पटलावरच्या क्रे१ प्रथिनाला धरतं, आयनांना वाट फुटते, पोटॅशियम गळतं, पेशी संपते.

घोटाळा होतो तो घडण सारखी असल्यामुळे. दोन्ही सॅकरोमायसिस सेरेव्हिसी या पावाच्या यीस्टची, दोन्हींचा जनुक दुपदरी आरएनएच्या विषाणूवर, दोन्हींत डायसल्फाइड बंधाने जोडलेल्या अल्फा आणि बीटा साखळ्या, पूर्वरूप कापणारं केक्स२ एन्झाइमही तेच. म्हणून कामही एकच असेल असं मुलं धरून चालतात.

के२८ पटलाला भोक पाडतच नाही. भित्तिकेतल्या मॅनोप्रोटीनला (मॅनोज शर्करा जोडलेल्या प्रथिनाला) चिकटून ते अख्खंच्या अख्खं पेशीत ओढलं जातं. त्याच्या बीटा साखळीच्या शेवटी एचडीईएल ही चार अमिनो आम्लांची खूण असते. आंतर्द्रव्यजालिकेतून (पेशीतल्या प्रथिनं घडवण्याच्या ठिकाणाहून) निसटलेली स्वतःची प्रथिनं पेशी याच खुणेवरून ओळखते आणि परत आणते. त्यामुळे हे विषही ती आपणहून उलट्या वाटेने, प्रथिनं पुढे पाठवणाऱ्या गॉल्जी या अंगकामार्गे जालिकेत नेऊन पोचवते. तिथून ते पेशीद्रवात उतरतं, बीटा नष्ट होते, अल्फा केंद्रकात शिरते आणि डीएनएची प्रत बनणं थांबतं. सूक्ष्मदर्शकाखाली मध्यम आकाराचा अंकुर फुटलेली पेशी दिसते, पण केंद्रक एकच, तेही मातृपेशीतच अडकलेलं. विषाणूचं इतकं अचूक काम एका चुकीच्या वाक्यात गाडलं जातं, याचं मला खरंच वाईट वाटतं.

तापमानाचं फार लांबवत नाही. के१ आम्लधर्मी माध्यमात, साधारण ४.७ पीएचला उत्तम चालतं आणि २५ अंशांच्या वर टिकत नाही. मे महिन्यात ठाण्यात प्लेट टेबलावर ठेवायची आणि किलरभोवती दुसरं यीस्ट न वाढलेलं वलय आलं नाही म्हणून ‘स्ट्रेन किलर नाही’ असं लिहायचं, हे बंद करा. थंड इनक्युबेटर वापरा.

आणि मिथिलीन ब्लूच्या (मेलेल्या पेशी निळ्या करणाऱ्या रंगाच्या) प्लेटवरचं स्वच्छ वलय बघून टॉक्सिन कोणतं ते ठरवू नका, वलय दोन्हींना येतं. क्रे१ नसलेला उत्परिवर्तित यीस्ट पसरून बघा: त्याच्यावर के१ची मात्रा चालत नाही, के२८ची चालते.