लाकडाचे रासायनिक विश्लेषण : नमुन्याची पूर्वतयारी

लाकडातील सेल्युलोज व हेमिसेल्युलोज (पेशीभित्तीतील कर्बोदके), लिग्निन (पेशीभित्तीला कडकपणा देणारे द्रव्य), निष्कर्ष्य द्रव्ये (द्रावकांत विरघळून निघणारी) व राख मोजण्याआधी लाकडावर होणारी निवड, वाळवण, दळण, चाळण आणि निष्कर्षण ही कामे. आकडे चुकतात ते बहुतेकदा इथेच, आणि नंतरची काटेकोर मोजमापे ती चूक भरून काढू शकत नाहीत.

खोडाच्या आडव्या चकतीतून केंद्रापासून सालीपर्यंत पाचर कापतात. त्यामुळे रसकाष्ठ (सालीलगतचे लाकूड) व अंतःकाष्ठ (गाभ्याचे लाकूड) खोडातील आपापल्या वाट्यानेच नमुन्यात येतात. साल पूर्ण काढावी. तिच्यात राख लाकडाच्या कित्येक पट असते.

नमुना हवेत किंवा ४०° से.च्या आत वाळवतात. १०५° से.ला टर्पिनांसारखी बाष्पनशील द्रव्ये उडतात, छिद्रे मिटतात आणि पुढे लिग्निन मोजताना कर्बोदके विरघळवणारे आम्ल नीट शिरत नाही. म्हणून ओलावा वेगळ्या भागावर काढून वजन दुरुस्त करतात. ९% ओलाव्याचे लाकूड कोरडे धरले, तर २७% लिग्निन २४.६% भरते.

पात्यांच्या चक्कीत दळलेली पूड साधारण ०.४ मिमी. चाळणीतून जावी. चाळणीवर उरलेले फेकू नये, पुन्हा दळावे: जाड कणांत तंतू जास्त, तर बारीक धुळीत मृदूतक (अन्न साठवणाऱ्या) पेशी, राख व निष्कर्ष्ये जास्त असतात. कण जाड राहिले तर न विरघळलेली कर्बोदके लिग्निन म्हणून मोजली जातात. फार बारीक पूड गाळणी तुंबवते. गोळ्यांच्या चक्कीत दीर्घकाळ दळल्यास सेल्युलोजच्या साखळ्याच तुटतात. चक्की तापली की राळ पात्यांना चिकटते, तेव्हा थांबून थांबून दळावे. लोह, क्रोमियम, निकेल मोजायचे असल्यास पोलादी चक्की वर्ज्य.

लिग्निनसाठी निष्कर्षण टाळून चालतच नाही. सॉक्सलेट उपकरणात (यात तोच द्रावक उकळून पुन्हा पुन्हा पुडीतून जातो) इथेनॉल-टोल्यूइन मिश्रणाने ६ ते ८ तास, मग इथेनॉलने व शेवटी गरम पाण्याने पूड धुतात. टॅनिने (तुरट पॉलिफिनॉले) इथेनॉलच्या व गरम पाण्याच्या टप्प्यांत निघतात. राहिलेली पॉलिफिनॉले लिग्निन मोजताना वापरायच्या ७२% सल्फ्यूरिक आम्लात संघनित होऊन अविद्राव्य बनतात आणि गाळणीवर लिग्निनसोबत बसतात. टॅनिनयुक्त लाकडांत हा फुगवटा मोठा असतो. सागासारख्या सिलिकायुक्त लाकडात गाळणीवरील अवशेषाची राख काढून वजा करावी लागते.

निकाल मूळ लाकडाच्या वजनावर मोजला की निष्कर्षित लाकडाच्या, हे अहवालात लिहिले नसेल तर दोन प्रयोगशाळांच्या आकड्यांची तुलना करता येत नाही.