फुशारकी आणि मनधरणी: मडी वॉटर्सची दोन गाणी

ब्लूज-रॉकमधला, म्हणजे अमेरिकी कृष्णवर्णीयांच्या ब्लूज गाण्यांतून निघालेल्या रॉकमधला, गायक बायकांविषयी गाऊ लागला की तो कुणालातरी पटवतोय असं आपण धरून चालतो. बऱ्याचदा त्याचा रोख तिच्याकडे नसतोच. ब्लूज गायक मडी वॉटर्सची १९५४ची दोन गाणी लागोपाठ ऐका. दोन्ही गीतकार विली डिक्सनने लिहिलेली, दोन्ही शिकागोच्या चेस रेकॉर्ड्स या कंपनीची.

'हूची कूची मॅन'मध्ये पोर जन्मायच्या आधीच एक जिप्सी बाई आईला त्याचं भविष्य सांगते. मग सातव्या महिन्याचा सातवा दिवस, काळ्या मांजराचं हाड, जवळ बाळगायची मंतरलेली मुळी. अमेरिकेच्या दक्षिणेतल्या कृष्णवर्णीयांच्या जादूटोण्याचं सगळं सामान हजर. बायका आहेत, पण पुराव्यापुरत्या: आपल्यामुळे त्या कशा उड्या मारतात, हे तो जगाला ऐकवतो. बँड ठोका देऊन गप्प बसतो, त्या रिकाम्या जागेत मडी एक ओळ टाकतो, पुन्हा ठोका. अख्खा बँड त्याच्या शब्दासाठी खोळंबलेला! ही निखळ फुशारकी, आणि ती पोकळ नाही. मिसिसिपीच्या मळ्यात ट्रॅक्टर चालवणारा हा माणूस १९४३मध्ये शिकागोला आला. मिसिसिपीत पिकल्या केसांच्या कृष्णवर्णीयालाही गोरे 'बॉय', म्हणजे पोऱ्या, म्हणूनच हाक मारत. १९५५च्या 'मॅनिश बॉय'मध्ये तो 'मॅन'मधलं 'एम, ए, एन' असं एकेक अक्षर सुटं करून गातो, ते उगाच नाही. झीझी टॉप या रॉक बँडचं १९८३चं 'शार्प ड्रेस्ड मॅन' याच जातीचं, फक्त मुळीच्या जागी रेशमी सूट आणि सोन्याचं घड्याळ. माझ्या मते त्यात गंमत आहे, पण पणाला काहीच लागलेलं नाही.

'आय जस्ट वॉन्ट टू मेक लव्ह टू यू'मध्ये आवाज तोच, पण ती समोर आहे. काय काय नको, याचीच यादी: धुणं नको, रांधणं नको, एकनिष्ठ राहिली नाहीस तरी चालेल. स्वतःच्या मोठेपणाचा चकार शब्द नाही. एकच मागणी, आणि सगळं तिच्या होकारावर अडलेलं. गायिका एटा जेम्सने १९६०मध्ये हेच गाणं उलटं फिरवलं. तिच्या तोंडी कपडेही मीच धुते, पावही मीच भाजते, असा सौदा येतो. मला तिचं जास्त पटतं. मडी नुसतं सोडून देतो, ती काहीतरी देऊ करते.

घोळ होतो तो फुशारकी आणि मनधरणी एकत्र आल्यावर. डिक्सनच्याच 'यू नीड लव्ह'मध्ये, म्हणजे मडीच्या १९६२च्या रेकॉर्डमध्ये, 'मला हवंय'चं 'तुला गरज आहे' होतं. तिची इच्छा तोच ठरवून मोकळा. लेड झेपलिन या ब्रिटिश रॉक बँडच्या १९६९च्या 'होल लोटा लव्ह'मध्ये त्यातलं इतकं उतरलं की डिक्सनने १९८५मध्ये दावा ठोकला. १९८७मध्ये तडजोड झाली. गायक रॉबर्ट प्लांटची किंकाळी आणि जिमी पेजचा गिटारवरचा रिफ, म्हणजे पुन्हापुन्हा येणारी छोटी धून, यांपुढे अंगावर काटा येतो, पण तिने 'नाही' म्हणायला त्या गाण्यात फट राहिलेली नाही. १९५४च्या मनधरणीत ती फट होती.