लैंगिकतेविषयी कॅथलिक शिकवण आणि बदलता समाज

लग्न, शरीरसंबंध, मूल होणं-न होणं, गर्भनिरोधन, समलैंगिकता, घटस्फोट या सगळ्याबद्दल रोमन कॅथलिक चर्च अधिकृतपणे जे शिकवतं त्याला लैंगिकतेविषयीची कॅथलिक शिकवण म्हणतात. बाहेरून बघणाऱ्याला ही निव्वळ मनाईची यादी वाटते, गोळी नको, कंडोम नको, आयव्हीएफ नको, दुसरं लग्न नको, आणि मग लोक विचारतात की या चर्चला प्रॉब्लेम तरी काय आहे. पण या सगळ्या मनाया एकाच गाठीतून निघतात आणि ती गाठ कळली नाही तर गेल्या शंभर वर्षांतला अख्खा वादच कळत नाही, म्हणून आधी ती बघू.

गाठ अशी आहे. चर्चच्या मते नवराबायकोच्या शरीरसंबंधाला दोन अर्थ असतात, एक म्हणजे दोघांना एकमेकांशी जोडणं आणि दुसरा म्हणजे नव्या जीवासाठी दार उघडं ठेवणं, आणि हे दोन अर्थ माणसाने स्वतःच्या हाताने एकमेकांपासून तोडायचे नाहीत. दर वेळी मूल झालंच पाहिजे असं कुणी म्हणत नाही, वय झालेल्या किंवा मूल होत नसलेल्या जोडप्याचा संबंधही तितकाच चांगला मानला जातो, फक्त दार मुद्दाम बंद करायचं नाही. आता गोळी घेतली की पहिला अर्थ राहतो आणि दुसरा काढून टाकला जातो. आयव्हीएफमध्ये बरोब्बर उलटं, मूल हवंय पण ते संबंधातून येत नाही, लॅबमध्ये येतं. म्हणजे मूल नको म्हणणारा आणि मुलासाठी तळमळणारा, दोघांनाही चर्च एकाच कारणासाठी नाही म्हणतं. लग्नाबाहेरचे संबंध, हस्तमैथुन, समलैंगिक संबंध यांच्याबद्दलचा युक्तिवादही इथूनच जातो. पटणं न पटणं वेगळं, पण विचार एकसंध आहे, आणि म्हणूनच एक वीट काढली तर भिंत पडेल ही भीती व्हॅटिकनला कायम वाटत आलीय.

या विचाराची मुळं खूप जुनी आहेत. पाचव्या शतकाच्या सुरुवातीला संत ऑगस्टीनने लग्नाचं भलं तीन गोष्टींत सांगितलं, संतती, निष्ठा आणि कधी न तुटणारं पवित्र बंधन, पण शरीराच्या वासनेबद्दल त्याच्या मनात मोठा संशय होता आणि तो संशय पुढे कित्येक शतकं चर्चच्या भाषेत उतरत राहिला. तेराव्या शतकात थॉमस अक्विनसने निसर्गनियमाची चौकट दिली, म्हणजे प्रत्येक क्रियेला तिचा एक स्वाभाविक हेतू असतो आणि त्याविरुद्ध जाणं चूक. 1917 च्या चर्चच्या कायद्यात तर सरळ लिहिलं होतं की लग्नाचा मुख्य हेतू मुलं जन्माला घालणं आणि वाढवणं, बाकीचं दुय्यम. 1983 च्या नव्या कायद्यात ही उतरंड काढली आणि पतिपत्नीचं भलं व संतती दोन्ही शेजारी शेजारी ठेवले. बातम्यांत हा बदल फारसा दिसत नाही, पण माझ्या मते विसाव्या शतकातला सगळ्यात मोठा बदल हाच आहे, नियम जवळपास तेच राहिले पण नियमाखालची कारणं बदलली.

1930 पर्यंत गर्भनिरोधनाला जवळजवळ सगळ्याच ख्रिस्ती पंथांचा विरोध होता. त्या वर्षी अँग्लिकन बिशपांच्या लॅम्बेथ परिषदेने काही मर्यादित परिस्थितीत त्याला परवानगी दिली, आणि चारेक महिन्यांनी, 31 डिसेंबर 1930 ला, पोप पायस अकरावे यांनी कास्ती कोन्नुबी हे परिपत्रक, म्हणजे पोपचं अख्ख्या चर्चला उद्देशून अधिकृत पत्र, काढून ठाम नकार दिला. तरी त्यातच एक फट होती, ज्या दिवसांत गर्भ राहू शकत नाही त्या दिवसांतला संबंध चूक नाही असं त्यात मानलं होतं. 1951 मध्ये पायस बारावे यांनी सुईणींपुढे केलेल्या भाषणात हे आणखी स्पष्ट केलं, की गंभीर कारण असेल तर जोडप्याने सुरक्षित दिवस बघून मूल टाळायला हरकत नाही. म्हणजे मूल टाळण्याचा विचारच पाप आहे असं चर्च म्हणत नव्हतं, प्रश्न फक्त कसं टाळायचं याचा राहिला.

गोळी, आयोग आणि 1968

1960 मध्ये अमेरिकेत गर्भनिरोधक गोळीला मान्यता मिळाली. तिच्या संशोधनातला एक प्रमुख माणूस, डॉ. जॉन रॉक, स्वतः श्रद्धावान कॅथलिक होता आणि त्याचं म्हणणं होतं की गोळी तर शरीरातल्याच हार्मोनचं काम करते, सुरक्षित काळ थोडा लांबवते, मग हिला कृत्रिम कशाला म्हणायचं. प्रश्न इतका तापला की 1963 मध्ये पोप जॉन तेविसावे यांनी एक छोटा आयोग नेमला, ते त्याच वर्षी वारले, मग पोप पॉल सहावे यांनी तो वाढवत वाढवत सत्तरएक जणांचा केला आणि त्यात धर्मगुरूंबरोबर डॉक्टर, समाजशास्त्रज्ञ आणि चक्क लग्न झालेली जोडपीही घेतली. शिकागोचे पॅट आणि पॅटी क्राउली हे त्यातलं एक जोडपं. त्यांनी कॅथलिक जोडप्यांना त्यांचे अनुभव विचारले आणि ती पत्रं आयोगापुढे ठेवली, दिवस मोजून जगताना येणारा ताण, दर महिन्याची धास्ती, एकमेकांपासून लांब राहताना संसारात येणारा कोरडेपणा. जे धर्मगुरू आयुष्यभर या विषयावर शिकवत होते त्यांच्यापैकी अनेकांनी हे इतक्या उघडपणे पहिल्यांदाच ऐकलं असेल.

1966 मध्ये आयोगाच्या बहुमताने सांगितलं की शिकवण बदलता येईल, गर्भनिरोधन मुळातच वाईट म्हणता येणार नाही, अख्ख्या संसाराकडे बघावं, एकेका कृतीकडे नाही. अल्पमताचं म्हणणं होतं की आज बदललं तर इतकी वर्षं चर्च चुकीचं शिकवत होतं असं होईल, मग लोकांनी कशावर विश्वास ठेवायचा. 1967 मध्ये हे कागद बाहेर फुटले, जगभरच्या जोडप्यांनी गृहीत धरलं की आता परवानगी येणार, अनेकांनी तर गोळी सुरूही केली.

आणि 25 जुलै 1968 च्या तारखेचं हुमाने विते आलं, नाव लॅटिन, अर्थ मानवी जीवनाविषयी. पॉल सहावे यांनी बहुमत बाजूला ठेवलं आणि जुनी शिकवण कायम केली. वर सांगितलेली दोन अर्थांची गाठ इतक्या नेमक्या शब्दांत याच परिपत्रकात आली. त्यात इशारेही होते, की कृत्रिम साधनं सर्रास झाली तर विवाहबाह्य संबंध वाढतील, पुरुष बायकोकडे भोगाची वस्तू म्हणून बघायला लागतील, आणि सरकारं लोकांच्या शयनघरात घुसून सक्ती करतील. शेवटचा इशारा पुढे काही देशांत खरा ठरला हे विरोधकांनीही मान्य करायला हवं.

पण जे झालं ते चर्चने आधी कधी पाहिलं नव्हतं. वॉशिंग्टनच्या कॅथलिक विद्यापीठातले चार्ल्स करन यांच्या पुढाकाराने धर्मशास्त्रज्ञांनी जाहीर असहमती नोंदवली (1986 मध्ये व्हॅटिकनने करन यांना कॅथलिक धर्मशास्त्र शिकवायला अपात्र ठरवलं). जर्मनी आणि कॅनडाच्या बिशपांनी निवेदनं काढली की प्रामाणिक प्रयत्न करूनही ज्यांना हे पाळणं जमत नाही त्यांनी सदसद्विवेकबुद्धीला स्मरून निर्णय घ्यावा. आणि सामान्य जोडप्यांनी काय केलं, तर बहुतेकांनी वाद न घालता आपलं आपण ठरवलं, कन्फेशनमध्ये हा विषय काढणंच बंद केलं, चर्चला येत राहिले पण या एका बाबतीत ऐकणं थांबवलं. पॉल सहावे यांनी त्यानंतर दहा वर्षांत, 1978 मध्ये मृत्यू होईपर्यंत, एकही परिपत्रक काढलं नाही.

चर्च जी पद्धत सुचवतं ती आता नुसती कॅलेंडरवर दिवस मोजण्याची राहिलेली नाही. ऑस्ट्रेलियातल्या जॉन आणि एव्हलिन बिलिंग्ज या डॉक्टर दांपत्याने स्त्रीच्या योनिस्रावातल्या बदलांवरून सुपीक दिवस ओळखण्याची पद्धत बसवली, काही पद्धतींत रोज सकाळी शरीराचं तापमानही लिहून ठेवतात. लोक विचारतात की यात आणि गोळीत फरक काय, हेतू तर एकच. चर्चचं उत्तर, गोळी त्या कृतीतूनच काहीतरी काढून घेते, इथे जोडपं ती कृतीच टाळतं. फरक खरा आहे असं मला वाटतं, पण चौथ्या बाळंतपणातून उठलेल्या बाईला तो पुरेसा वाटावा अशी अपेक्षा करणं अवघड आहे, आणि ही अडचण चर्चने बराच काळ पुरेशा मायेने ऐकली नाही.

शरीराबद्दल नवी भाषा

जॉन पॉल दुसरे यांनी नियम तसेच ठेवून भाषा पार बदलली. सप्टेंबर 1979 ते नोव्हेंबर 1984 या काळात बुधवारच्या सभांमध्ये त्यांनी 129 प्रवचनांतून सांगितलं की शरीर हे स्वतःला दुसऱ्याला देण्याची भाषा आहे, आणि ती भाषा खोटी बोलू नये. ऑगस्टीनच्या संशयापासून हे फार लांबचं अंतर आहे, इथे लैंगिक सुख लाजेची गोष्ट राहत नाही. याला शरीराचं धर्मशास्त्र म्हणतात आणि कित्येक तरुण कॅथलिकांना त्यातून आधार मिळाला. टीका अशी होते की यातलं लग्न फार आदर्श आहे, थकवा, भांडण, आजारपण, असमानता यांना त्यात जागा कमी, आणि स्त्री-पुरुषांचे स्वभाव आधीच ठरवून टाकलेले. बेनेडिक्ट सोळावे यांनी 2005 च्या पहिल्याच परिपत्रकात शारीरिक ओढ आणि निःस्वार्थ प्रेम एकमेकांचे शत्रू नाहीत असं मांडलं. त्यांनीच 2010 मध्ये एका मुलाखतीत म्हटलं की एड्सचा संसर्ग टाळण्यासाठी एखाद्या देहविक्री करणाऱ्या पुरुषाने कंडोम वापरला तर ते जबाबदारीच्या दिशेने पहिलं पाऊल असू शकतं, नियम बदलला नाही पण खळबळ मोठी झाली.

समाज मात्र थांबला नव्हता. इटलीत 1974 च्या सार्वमतात सुमारे 59% लोकांनी घटस्फोटाचा कायदा राखला, तोही व्हॅटिकनच्या अंगणात. आयर्लंडमध्ये 1979 च्या कायद्याने कंडोमसुद्धा डॉक्टरच्या चिठ्ठीवरच मिळायचा, 1985 मध्ये चिठ्ठी गेली, 1995 मध्ये घटस्फोट अगदी काठावर मंजूर झाला, आणि 2015 मध्ये त्याच देशाने 62% मतांनी समलिंगी विवाह स्वीकारला, 2018 मध्ये 66% मतांनी गर्भपातावरची घटनात्मक बंदी उठवली. हे फक्त आधुनिकतेमुळे झालं म्हणणं अर्धवट आहे. मधल्या काळात धर्मगुरूंनी मुलांवर केलेले लैंगिक अत्याचार आणि बिशपांनी केलेली लपवाछपवी बाहेर आली, बोस्टनमध्ये 2002 ला, आयर्लंडमध्ये 2009 च्या चौकशी अहवालांमधून. ज्या संस्थेने लोकांच्या शयनघरातल्या बारीकसारीक गोष्टींवर बोट ठेवलं तिनेच मुलांना वाचवलं नाही, हे कळल्यावर शिकवणीचा युक्तिवाद ऐकून घ्यायला तरी कोण बसणार.

घटस्फोटाबद्दल शिकवण अशी की वैध लग्न मरेपर्यंत तुटत नाही. चर्च कोर्ट लग्न रद्द ठरवतं तेव्हा ते घटस्फोट देत नाही, मुळात वैध लग्न झालंच नव्हतं असा निर्वाळा देतं, आणि 2015 मध्ये पोप फ्रान्सिस यांनी ही प्रक्रिया सोपी केली. 2016 च्या अमोरिस लेटिशिया या त्यांच्या दस्तऐवजात, विशेषतः 351 क्रमांकाच्या तळटीपेत, घटस्फोटानंतर पुन्हा लग्न केलेल्यांना काही बाबतीत संस्कारांची, म्हणजे कम्युनियनसारख्या चर्चच्या पवित्र विधींची, मदत मिळू शकते असं सुचवलं गेलं. चार कार्डिनलांनी पाच प्रश्न लेखी विचारले, फ्रान्सिस यांनी त्यांना थेट उत्तर दिलं नाही. एका तळटीपेवरून इतकं रान पेटलं, कारण प्रश्न पुन्हा तोच, एक वीट काढली तर काय.

समलैंगिकता

1992 च्या आणि 1997 मध्ये सुधारलेल्या धर्मशिक्षण ग्रंथात, म्हणजे कॅटेकिझममध्ये, या विषयावर सलग तीन परिच्छेद आहेत, 2357 ते 2359. समलैंगिक कृती चूक, ओढ ही वस्तुनिष्ठदृष्ट्या विस्कळीत, पण त्या माणसांना आदराने, करुणेने, हळुवारपणे वागवावं आणि त्यांच्यावर अन्यायकारक भेदभाव करू नये. समर्थक म्हणतात की विस्कळीत हा शब्द तत्त्वज्ञानातला आहे, माणसाबद्दल नाही, ओढीबद्दल आहे. असेल, पण पंधरा-सोळा वर्षांचं पोर तो शब्द स्वतःबद्दलच वाचतं, आणि त्या वाचण्याने झालेली जखम तत्त्वज्ञान समजावून भरत नाही.

जुलै 2013 मध्ये विमानात पत्रकारांशी बोलताना फ्रान्सिस म्हणाले की एखादी व्यक्ती गे आहे, देवाला शोधतेय आणि तिचं मन चांगलं आहे तर तिचा न्याय करणारा मी कोण. जानेवारी 2023 मध्ये समलैंगिक असणं हा गुन्हा नाही असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. नोव्हेंबर 2023 मध्ये ट्रान्सजेंडर व्यक्तींना काही अटींवर बाप्तिस्मा घेता येईल असं व्हॅटिकनचं उत्तर आलं, पण त्याच्याच एप्रिल 2024 च्या दस्तऐवजात जेंडर थिअरी (स्त्री-पुरुष असणं शरीरावरून ठरत नाही हा विचार) आणि सरोगसीला विरोध ठाम राहिला. म्हणजे दार उघडलं ते माणसांसाठी, सिद्धांतासाठी नाही.

आशीर्वादाचा वाद यात सगळ्यात बोलका आहे. 2021 मध्ये व्हॅटिकनने सांगितलं की समलिंगी नात्याला आशीर्वाद देता येत नाही. मार्च 2023 मध्ये जर्मन चर्चच्या सिनोडल मार्ग या बिशप आणि सामान्य कॅथलिकांच्या सुधारणा-चर्चेतल्या सभेने अशा आशीर्वादविधींच्या बाजूने मत दिलं. 18 डिसेंबर 2023 ला फिदुचिया सुप्लिकान्स हे व्हॅटिकनचं निवेदन आलं, त्यात लग्नासारखा विधी न करता, सहज मागितला तर अशा जोडप्याला आशीर्वाद द्यायला परवानगी दिली. जानेवारीत आफ्रिकेतल्या बिशपांनी कार्डिनल फ्रिडोलिन अंबोंगो यांच्या सहीने कळवलं की त्यांच्याकडे असे आशीर्वाद देणं योग्य ठरणार नाही. त्याच्या आठवडाभर आधी, 4 जानेवारी 2024 ला, व्हॅटिकनने खुलासा केला होता आणि त्यात नमुन्याची प्रार्थनाही दिली होती, जोडप्याला तब्येत, काम, शांती आणि एकमेकांची साथ मिळो आणि देवाच्या इच्छेप्रमाणे जगता येवो असं मागणारी, आणि वेळही सांगितला होता, साधारण 10 ते 15 सेकंद.